पहिल्या ओळीतली सही

३ फेब्रुवारी २०२५
(छापील कार्ड)

सभासद क्र. २१४, काजल हेमकांत पाटील, यांस,

आपल्या नावावर दाखल क्रमांक १८०७, सातपुड्यातल्या झाडांचं सचित्र पुस्तक, दि. ९ जून २०१७ पासून येणे आहे. आपले ग्रामपंचायत वाचनालय येत्या ३१ मार्च रोजी कायमचे बंद होत असून सर्व पुस्तके मोजून ताब्यात द्यावयाची आहेत. तरी सदर पुस्तक मुदतीत जमा करावे. विलंब आकार घेतला जाणार नाही.

हे. न. पाटील
ग्रंथपाल

ता. क. पोस्टाने पाठवलं तरी चालेल. समक्ष यायचं झाल्यास वाचनालय सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चार ते सात उघडं असतं. मार्चअखेरपर्यंत वेळ बदललेली नाही.

१४ फेब्रुवारी २०२५

काजल,

कार्ड मिळालं असेल. उत्तर आलं नाही, त्याचं मला नवल नाही. असली एकसष्ट कार्डं मी टाकली, त्यातली बावीस पुस्तकं परत आली. धानोऱ्याला दिलेल्या एका बाईने तर सासरहून नवऱ्याच्या हाती पुस्तक पाठवलं, आणि ते आपलं नव्हतंच, कुठल्या तरी शाळेचं होतं. मी ते ठेवून घेतलं. म्हटलं, त्या शाळेला तरी कुठे आठवण असेल.

मी हे ग्रंथपाल म्हणून लिहितोय, बाप म्हणून नाही, एवढं समजून वाच. तुझा पत्ता कुठून मिळाला असं तुझ्या मनात येईल. तो तुझ्या मायकडे होता, गव्हाच्या कोठीच्या झाकणाला आतून चिकटवलेला. कोठी उन्हात टाकताना मला दिसला. मी काही बोललो नाही आणि तीही बोलली नाही. आमच्या घरात आता असंच चालतं.

बंद का होतंय ते सांगतो, म्हणजे तू उगाच मला दोष देणार नाहीस. ग्रामपंचायतीकडे पैसा नाही. घरपट्टी कोणी भरत नाही, वरून यायचा तो निधी दोन वर्षं आला नाही, आणि दिवाळीत पाणीपुरवठ्याच्या मोटारीची वीज तोडली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! तीन दिवस गाव तापीवर हंडे घेऊन गेलं. मग २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय निघाला की पाणी चालवायचं का पुस्तकं. आता असं विचारल्यावर कोण काय बोलेल? मला विचारलं असतं तर मीही पाणीच म्हटलं असतं. आपली सरपंच रंजनाबाई, तुला आठवत असेल, लग्न होऊन आली तेव्हा पाककृतींची पुस्तकं न्यायची. ठराव तिने मान वर न करता वाचला. वाईट बाई नाही ती. ठराव झाला, विषय संपला. वाचनालयाच्या खोलीत रेशनचं धान्य ठेवणार आहेत.

चौतीस वर्षं मी ती खोली उघडली. आता उघडताना कुलूपसुद्धा माझ्याशी नीट वागत नाही, दोनदा किल्ली फिरवावी लागते.

तुझं पुस्तक आलं नाही तर मोजणीत एक कमी पडेल. मला ते चालणार नाही. घराबद्दल मी या पत्रात काही लिहीत नाही. त्या दिवशी जे बोललो ते बोललो, माझ्या उंबऱ्याच्या आत तुझं पाऊल नको, आणि शब्द फिरवणारा माणूस मी नाही. पण वाचनालय माझं नाही, गावाचं आहे. तिथे यायला कुणाला मनाई करण्याचा अधिकार मला नाही, आणि तशी मी कधी केलेलीही नाही. एकतीस तारखेनंतर मात्र तेही नसेल.

हे. न. पाटील
ग्रंथपाल

२६ फेब्रुवारी २०२५

काजल,

तुझं कार्ड काल मिळालं. चार ओळी. पोस्टमनने ते वाचनालयात आणून दिलं, कारण तू पत्ता वाचनालयाचा घातला होतास, घराचा नाही. ठीक आहे, तेच बरोबर आहे.

'पुस्तक जपून ठेवलं आहे. रिना त्यातली चित्रं बघून बाहेर जाऊन झाडं ओळखते. ती सहा वर्षांची आहे. होळी झाल्यावर, २९ मार्चच्या शनिवारी शाळेला सुट्टी आहे, तेव्हा आणून देईन.'

एवढ्या चार ओळींत तू मला नात असल्याचं सांगितलंस, आणि तेही पुस्तकाच्या चौकशीत. मी कार्ड टेबलावर ठेवलं. पेपर वाचणारे दोघं-तिघं बसले होते, त्यांना काही कळू नये म्हणून मी उठून कपाटं पुसायला लागलो. एकच कपाट तीनदा पुसलं.

घरी नेलं. तुझ्या मायला वाचून दाखवलं. तिने परत वाचायला लावलं. चौथ्यांदा वाचल्यावर तिने कार्ड हातात घेतलं, 'रिना' कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला सांगितलं, आणि ते बोट तिने तिथेच ठेवलं. जेवण थंड झालं. 

आश्रमशाळेत तू शिकवतेस हे मला माहीत होतं. तू ज्याच्याशी लग्न केलंस तो दलसिंग वनखात्यात लागला हेही माहीत होतं. लोणखेड्याच्या कॉलेजातून इथे वाचायला येणारी पोरं अजून सांगतात, मी न विचारता. तुम्ही त्याला दोष देता, असं तुझी माय मला ऐकवते. मी त्याला दोष देत नाही. बाहेरगावच्या मुलाला सभासद व्हायचं तर गावातल्या एकाची हमी लागते, आणि त्याची हमी मीच दिली होती. मोलगीकडचा पोर, आमच्यात ओळखीचं कोणी नाही, म्हणाला सर, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचाय. मी सही केली. त्याने एक पुस्तक कधी उशिरा आणलं नाही. मी पुस्तकांची हमी दिली होती, बाकीच्याची नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना ऐकवायचो. लोक हसायचे. आता त्यात मला हसण्यासारखं काही दिसत नाही.

शनिवारी २९ ला ये. रविवारी पाडवा, सोमवारी ईद, म्हणजे शनिवार हाच शेवटचा उघडा दिवस. सकाळची जीप मिळाली तर अक्कलकुव्याहून एसटी आहे, पण मोलगीचे जीपवाले भरल्याशिवाय निघत नाहीत. म्हणून मी दुपारची वेळ धरतो. चारला मी असेन.

तुझ्या कार्डावर खाली तुझी सही होती. तिच्याबद्दल मला काहीतरी लिहायचं होतं, पण ते आज नको.

हेमकांत पाटील

१७ मार्च २०२५

चि. काजल,

होळी चांगली झाली असेल. तुमच्याकडे होळी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी, असं दलसिंग सांगायचा. रिनाने नवीन कपडे घातले असतील.

आता जे लिहितोय ते लिहायला मी तीन कागद फाडले. चौदा फेब्रुवारीच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. सगळं खोटं नाही. पैसा नाही हे खरं, मोटारीची वीज तोडली हेही खरं. पण ठराव ज्या कारणाने झाला ते कारण मी लिहिलं नाही. तू शनिवारी येशील तेव्हा कोणीतरी सांगेलच, गावात तोंडाला कुलूप कोण घालतो? त्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

दारातलं टेबल आठवतं तुला? त्यावरची वाचक नोंदवही? आत येणाऱ्याने तारखेखाली आपल्या हाताने नाव लिहायचं आणि सही करायची, हा माझा नियम. रोज किती वाचक आले ते त्यावरून कळतं आणि वर्षाला ते वर कळवावं लागतं. पाचवीत होतीस तेव्हापासून तू माझ्याबरोबर सकाळी दार उघडायला यायचीस आणि पहिली ओळ तुझी असायची. कोणी आधी सही केली तर रुसायचीस. गावातली म्हातारी माणसंसुद्धा तुझ्यासाठी पहिली ओळ सोडून दुसरीवर सही करायची.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं, तारीख टाकली, आणि पेन हातातच राहिलं. लोक येतील, पहिली ओळ कोरी बघतील, काही विचारतील. मी तुझं नाव लिहिलं आणि तुझ्यासारखी सही केली. त्या दिवसापुरती, असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तसंच सांगितलं. घरात मी तुझं नाव घ्यायला बंदी केली होती, आणि रोज सकाळी आठला मी ते माझ्या हाताने लिहीत होतो. पावणेआठ वर्षं, काजल. सुट्टीचे दिवस सोडून एकही दिवस चुकला नाही. इतक्या वर्षांत कोणी त्या ओळीकडे बघितलं नाही, कारण पहिली ओळ काजलची हे सगळ्यांना सवयीचं होतं.

२६ जानेवारीला रंजनाबाई वाचनालयाच्या बाजूने होती. ती म्हणाली, रोज पंचवीस-तीस माणूस येतं, हे लोक कुठे जातील? सहा महिने लोकवर्गणीतून ओढू, तोवर निधी येईल. पुष्कळांनी माना डोलावल्या. मग ती म्हणाली, नोंदवही आणा, सभेला दाखवू, हातच्या काकणाला आरसा कशाला. आणि मी मूर्ख माणूस उठून स्वतः नोंदवही घेऊन आलो. तुला खरं सांगतो, त्या क्षणी मला तुझ्या सहीची आठवणसुद्धा नव्हती. ती खोटी आहे हेच मी विसरलो होतो.

नवनीतने वही घेतली. आपला नवनीत, आता ग्रामपंचायतीचा सदस्य आहे, तू त्याला पाढे शिकवायचीस. त्याने दोन पानं उलटली, चार पानं उलटली, आणि मग माझ्याकडे बघितलं. त्याच्या मनात वाईट नव्हतं. तो खरंच गोंधळला होता.

"नाना," तो म्हणाला, "काजलताई गावमा शे का?"

 मी उभाच होतो. मग मागून कोणीतरी म्हणालं की एक सही खोटी तर बाकीच्या खऱ्या कशावरून. दुसरा म्हणाला, म्हणजे तीस लोक येतात हेही नानांनीच लिहिलेलं असेल. चौतीस वर्षं मी ज्यांना बोट वर करून नियम शिकवले तीच ही माणसं. 

आणि मग तुझी माय उठली. बायकांच्या बाजूला बसली होती. आयुष्यात कधी ग्रामसभेत बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर नीट केला आणि नवनीतकडे बघून म्हणाली,

"मन्ही पोर शे ती. रोज येस. तुम्हले दिसस नही, इतलंच."

आणि खाली बसली.  नवनीतने वही मिटून माझ्या हातात दिली, दोन्ही हातांनी. पण मतं पडायची ती पडलीच.  सहा महिन्यांचा विषय तिथेच मिटला.

घरी येताना मी तुझ्या मायला विचारलं, तुला कधीपासून माहीत? ती म्हणाली, पहिल्यापासून. ती रोज सकाळी खोली झाडायला येते, पण तिला वाचता येत नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. ती म्हणाली, "मी झाडाले येस तवय पहिली ओळनी शाई ओली ऱ्हास. खोलीमा आपुन दोनच जण ऱ्हातस." पावणेआठ वर्षं ती ओली शाई बघत होती आणि मला काही बोलली नाही.

म्हणजे वाचनालय मी बंद पाडलं. पैशाने अर्धं मारलं होतं, उरलेलं मी मारलं. गावात लोक तोंडावर काही म्हणत नाहीत, आणि ते जास्त लागतं.

आता सहीबद्दल. तुझं कार्ड आलं तेव्हा खालची सही मी बघितली. 'काजल पावरा', सरळ, घाईतली, शेवटी टिंब. मी रोज करत होतो ती सही वेगळी होती, 'ल' चं शेपूट मागे वळवून नावाखाली रेघ मारलेली. मला वाटायचं मी तुझी सही करतोय. ती सही तू केव्हाच सोडलीस, आणि मला कुणी सांगितलंही नाही. कोण सांगणार? तुझी सही बदलली तेव्हा मी तिथे नव्हतो. मला फार वाईट वाटलं, काजल. तुझं लग्न झालं तेव्हा राग आला होता, पण वाईट मला हे कार्ड बघून वाटलं.

२९ तारखेला पहिली ओळ मी भरणार नाही. ती तशीच सोडतो. शनिवारी तू भर, आता जी सही करतेस ती कर. शेवटच्या दिवशी तरी त्या वहीत खरं काहीतरी असू दे.

नाना

२५ मार्च २०२५

चि. काजल,

हे पत्र तुला वेळेत मिळेल की नाही कोण जाणे, पण लिहितो. शनिवारची तयारी चालू आहे. तुझी माय खापरावरचे मांडे करणार. मी म्हटलं, अग, पुस्तक परत करायला येतेय, लग्नाला नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी बाहेर जाऊन बसलो.

जेवण वाचनालयातच करायचं ठरलं आहे. मोठं टेबल मोकळं करून घेतो. वाचनालयात खाऊ नये असा फलक मी स्वतः रंगवलेला आहे. तो काढून ठेवला. बंदच होतंय तर आता कोण विचारणार?

तुझ्या मायचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणाली, चाळीस पावलांवर घर, आणि पोरीला कपाटांमध्ये जेवायला घालायचं? तुमचा शब्द एवढा मोठा आहे का? वर म्हणाली, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी म्हटलं, गरजच काय, वाचनालय आहे ना. तिथे ती येऊ शकते, मी येऊ शकतो, तू येऊ शकतेस, कोणाचा शब्दही मोडत नाही. घराचा शब्द मी मागे घेतलेला नाही, हे तूही लक्षात घे. शनिवारी भेटू, बोलू, मग पुढचं पुढे बघता येईल. घाई काय आहे?

रिनासाठी मी मुलांच्या कपाटातली चार पुस्तकं बाजूला काढली आहेत. ती मोजणीतून बाद केलेली आहेत, फाटकी म्हणून. फाटकी नाहीत.

चारला.

नाना

२ एप्रिल २०२५

चि. काजल,

हे पत्र मी वाचनालयातून लिहीत नाही, तिथे आता धान्याची पोती आहेत. घरातून लिहितोय.

शनिवारी काय झालं ते तुला माझ्याकडून कळलेलं नाही, म्हणून सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी ग्रामसेवक आले. पाडवा, ईद, लागून सुट्ट्या, आणि वर्ष संपतंय, म्हणून ताबा शनिवारी सकाळीच द्यायचा, असं त्यांनी सांगितलं. टेम्पो आठला येईल, पुस्तकं शहाद्याच्या गोदामात जातील, मोजणी करून द्यायला ग्रंथपालाने सोबत यायचं. मी म्हटलं, मला दुपारी चारला इथे असायला हवं. ते म्हणाले, नाना, बारापर्यंत मोकळे व्हाल. मी तरी काय करणार, मोजणी माझ्याशिवाय कोणाला येत नव्हती, आणि तुला कळवायला तुझा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. वाटलं, तू चारला येणार, मी दोनला परत.

सकाळी साडेसातला मी दार उघडलं. तारीख टाकली, २९ मार्च. पहिली ओळ सोडली. पुस्तकं भरायला आलेल्या दोघांना मी दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीवर सह्या करायला लावल्या, नियम म्हणजे नियम. खाली मी माझी केली. मग ग्रामसेवक म्हणाले, वह्यासुद्धा मोजणीला लागतील. त्या पेटीत गेल्या आणि ती पेटी टेम्पोत गेली. माझ्या लक्षात आलं होतं. तरी मी म्हटलं, दोनला परत आणतोच आहे. खोलीला कुलूप लागलं.

शहाद्याला पुस्तकं मोजून घेणारे साहेब अकराला आले. मोजणी साडेचारला संपली.

बाकीचं मला गिरणीवाल्या मीनाबाईने सांगितलं, कारण तुझी माय माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तू पहिली जीप धरून आलीस. सकाळी दहालाच. दाराला कुलूप बघून तू रिनाला घेऊन पायरीवर बसलीस. मीनाबाईने गिरणी बंद केली आणि म्हणाली, पोरी, घरी जा, समोर तर आहे. तू म्हणालीस, नानांनी घराचं सांगितलेलं नाही, वाचनालयाचं सांगितलंय. मग ती धावत जाऊन तुझ्या मायला घेऊन आली. मायने तुझा हात धरून ओढलं, असं मीनाबाई सांगते, गावासमोर पाया पडायला निघाली. तू हलली नाहीस. माय घरी गेली, मांडे घेऊन आली, आणि बंद दाराच्या पायरीवर तिने तुम्हा दोघींना जेवायला घातलं. येणारे-जाणारे बघत होते. नवनीतने घरून सतरंजी आणून दिली आणि तो लगेच निघून गेला.

तू दोनपर्यंत थांबलीस. नंतर मोलगीची शेवटची जीप चुकली असती, म्हणून उठलीस. चारची वेळ धरताना मी तुझ्या परतीचा विचारच केला नव्हता. पुस्तक मीनाबाईकडे दिलंस. आणि जाताना मायला तू जे म्हणालीस तेवढं एक तुझ्या मायने काल मला सांगितलं. तुझ्याच शब्दांत सांगितलं, माझ्याकडे न बघता.

"माय, आते कोठे येऊ? वाचनालय त बंद व्हयनं."

दाखल क्रमांक १८०७ माझ्यासमोर आहे. कव्हर घातलंय, छान. पळसाच्या पानावर एक खरं फूल दाबून ठेवलेलं आहे, आणि कोऱ्या जागेत पेन्सिलने वाकडंतिकडं 'रिना' लिहिलेलं आहे. पुस्तकावर लिहू नये हा माझा नियम, तुला माहीत आहे. ते खोडायचं मला होत नाही. मोजणीत हे पुस्तक हरवलेलं म्हणून लागलं, तसंच राहू दे.

मोजणी झाल्यावर वह्या ग्रामपंचायतीच्या कपाटात आल्या. काल मी गेलो होतो. रंजनाबाईने किल्ली दिली आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली. म्हणाली, नाना, तुम्हाला काय लिहायचं ते लिहा, मी बघत नाही. मी वही उघडली. तू आली नाहीस त्या प्रत्येक दिवशी त्या वहीत तुझी सही आहे. तू आलीस, माझ्या लेकीला मांडीवर घेऊन चार तास त्या दारात बसलीस, त्या दिवसाची ओळ कोरी आहे. उद्या कोणी ती वही वाचली तर त्याला वाटेल, काजल रोज यायची, फक्त २९ मार्चला आली नाही. पेन माझ्या खिशात होतं. मी ते काढलं नाही. वही मिटून ठेवली, किल्ली परत दिली.

वर मी 'लेकीला' लिहिलं, नातीला म्हणायचं होतं. खोडत नाही.

तुझ्या मायला तू विचारलंस, कुठे येऊ. ती उत्तर देऊ शकली नाही, कारण ते माझ्याकडे होतं आणि मी शहाद्यात पुस्तकं मोजत होतो. शब्द मागे घेतो, काजल. शनिवारच्या आधी घ्यायला हवा होता, पावणेआठ वर्षांआधी घ्यायला हवा होता. वाचनालय होतं तोवर मला वाटत राहिलं की शब्दही राहील आणि तूही येशील. मी दार उघडं ठेवलं होतं, पण ते दार गावाच्या पैशावर उघडं होतं, माझ्यावर नाही. हे मला आधी कळलं नाही.

तू रागावली असशील. रागावणं बरोबर आहे. तू येणार नाहीस असंही मला वाटतं. मी पोस्टात हे टाकून येईन आणि रोज पोस्टमनची वाट बघेन, आणि तो आता घरी येईल, कारण दुसरीकडे जायला जागाच नाही.

रिनाची चार पुस्तकं कोठीवर ठेवली आहेत. दलसिंगलाही आण. आणि घरी येताना सही करावी लागत नाही.

तुझा
नाना